मानाची बंदूक

आमच्या लग्नात माझे सासरे सीमांतपूजनाच्या पाटावरून उठून रुसून बसले होते. कारण काय, तर मानाचं उपरणं सुती निघालं. माझ्या बाबांनी भर दुपारी मिरजेच्या बाजारात माणूस पळवला, रेशमी उपरणं आणवलं, सगळ्यांदेखत हात जोडले, तेव्हा कुठे वरपक्ष पुन्हा पाटावर टेकला. नवरदेव, म्हणजे मनोहर, तेवढा वेळ स्वतःचे बूट न्याहाळत उभा होता. या गोष्टीला एकतीस वर्षं झाली. मी ती विसरलेले नाही, आणि मी विसरलेले नाही हे मनोहरलाही पक्कं ठाऊक आहे.

म्हणून आमच्या रुचिरानं न्यूझीलंडहून फोन करून सांगितलं की ती कॅलम नावाच्या मुलाशी लग्न करतेय, तेव्हा मनोहरनं मुलगा काय करतो, कसा दिसतो, यातलं काहीच विचारलं नाही. तो म्हणाला, "त्याचे वडील कसे आहेत?"

"ग्रॅहम ना? खूप साधे आहेत, बाबा. मेंढ्यांचं फार्म आहे. कॅलमची आई चार वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून एकटेच असतात. आणि ऐक, त्यांच्याकडे एक पद्धत आहे. लग्नाआधी दोन्हीकडचे वडील डोंगरावर हरणाच्या शिकारीला जातात. दोन रात्री तिथल्या झोपडीत राहतात. तू जाशील ना? त्यांना फार वाटतंय."

आता या माणसाची शिकारीतली पात्रता सांगते. बावीस वर्षं जहाजांच्या इंजिनांवर काढली, आता सिंगापुरात तुआसला जहाजदुरुस्तीच्या यार्डात सुपरिंटेंडंट आहे. यार्डात आठवड्याला चार जणांना झापल्याशिवाय त्याला जेवण जात नाही. पण घरात पाल निघाली की मला हाक मारतो आणि स्वतः बाथरूममध्ये जाऊन कडी लावतो. खेकड्यांचा रस्सा दोन वाट्या ओरपेल, पण टेक्का मार्केटात मी खेकडे घेत असताना बाहेर जाऊन उभा राहतो. असा हा माणूस फोनवर म्हणाला, "शिकार? ऑफ कोर्स. आवडेल मला."

मी हातातली कणीक तशीच ठेवून त्याच्याकडे बघत राहिले.

आठवड्याभरात ग्रॅहमचा मेसेज आला. माझ्याकडे तीन रायफली आहेत, त्यांनी लिहिलं होतं. टू फोर्टी-थ्री, थ्री-नॉट-एट आणि थ्री हंड्रेड मॅग्नम. तुमच्यासाठी टू फोर्टी-थ्री काढून ठेवावी म्हणतो. खांद्याला त्रास देत नाही. आणि वरच्या दुर्बिणीवर धुकं धरलंच तर नेम धरायला बंदुकीला जुन्या पद्धतीची साधी साइटही आहे.

मला मेसेज चांगला वाटला. मनोहरनं तो चार वेळा वाचला आणि प्रबोधला फोन लावला.

प्रबोध आमच्या ओळखीचा, पुण्याचा, आयटी कंपनीत मॅनेजर, ईस्ट कोस्टला कॉन्डोत राहतो. त्याला कुठलीही वस्तू घ्यायची झाली की आधी तिचा तक्ता लागतो. वॉशिंग मशीन घेताना त्यानं अकरा रकाने केले होते आणि शेवटी बायकोनं दुकानात जाऊन भलतंच मशीन आणलं. तर हा प्रबोध रविवारी लॅपटॉप घेऊन यिशुनला आमच्या घरी आला. आयुष्यात बंदूक त्यानं गणपतीतल्या फुग्यांच्या स्टॉलवर धरलेली. पण उंटावरून शेळ्या हाकायला उंट लागतो, शेळ्या माहीत असाव्या लागत नाहीत.

"बघा, मनोहरराव," तो म्हणाला, "हा आकडा म्हणजे गोळीची जाडी, इंचाच्या भागात. जाडी, वजन, दारू वाढली की गोळीचा जोर वाढतो, आणि त्याच हिशेबात बंदूक मागे झटका मारते. टू फोर्टी-थ्रीचा झटका नऊ, थ्री-नॉट-एटचा अठरा, मॅग्नमचा सव्वीस."

"नऊ," मनोहर म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. "तिन्हींतली सगळ्यात छोटी. आणि वर सांगतोय, खांद्याला त्रास देत नाही."

"इथे लिहिलंय," प्रबोधनं स्क्रीनवर बोट ठेवलं, "बायका आणि नवशिक्यांसाठी उत्तम."

झालं. आगीत तेल ओतायला तेवढी एक ओळ पुरली.

"बघितलंस, प्रेमा? मुलीकडचा बाप म्हणून मला बायकी बंदूक. स्वतः मॅग्नम वापरणार आणि मला म्हणे दुर्बीण चालली नाही तर साधी साइट. साधी! उद्या पंगतीत त्याला जिलबी आणि मला गूळ!"

"अरे, त्यांना काय ठाऊक आपलं मानपान," मी म्हटलं. "ते मेंढ्या पाळतात."

"मानपान सगळीकडे असतं. फक्त उपरणं वेगळं असतं."

उपरण्याचा उल्लेख त्याच्या तोंडून निघाल्यावर तो जरा चपापला. मी उठून चहाचं आधण ठेवलं. काही गोष्टी मी शिळ्या होऊ देत नाही, पण रोज वाढतही नाही.

तर मनोहरनं उत्तर लिहिलं, धन्यवाद, मी थ्री हंड्रेड मॅग्नम घेईन. ग्रॅहमनी लिहिलं, जरूर, पण एकदा टू फोर्टी-थ्रीचा विचार करा, आमच्या हरणांना ती पुरते, नेम नीट असला की झालं. मनोहरनं लिहिलं, मॅग्नम. मग व्हिडिओ कॉल झाला. त्यातही ग्रॅहम, साठीतला एक लांबोडका, लाल चेहऱ्याचा माणूस, दोन-तीनदा घुटमळत म्हणाले, "आर यू शुअर? कारण ती टू फोर्टी-थ्री..." आणि मनोहरनं त्यांचं वाक्य पुरं होऊच दिलं नाही. "मॅग्नम, ग्रॅहम. आय इन्सिस्ट."

नाकापेक्षा मोती जड होतो तो असा. कारण जी गोष्ट मनोहरनं व्याह्यांना सांगितली नव्हती, प्रबोधलाही सांगितली नव्हती, ती अशी की वर्षभर त्याचा उजवा खांदा आखडलेला आहे. फ्रोझन शोल्डर. हात कानाच्या वर जात नाही. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, वरची कडी तो डाव्या हातानं धरतो, शर्ट मी चढवते, आणि केस विंचरताना हात वर नेण्याऐवजी मान खाली आणतो.

आता झटका सोसायची तालीम सुरू झाली. सिंगापुरात खरी बंदूक हातात धरायची बातच सोडा. त्यानं मॉपचा दांडा खांद्याला लावला, तर मी त्याला आधी खिडकीपासून ओढला. समोरच्या ब्लॉकमधून कुणी पाहून पोलिसांना फोन केला असता तर मुलीच्या आधी आमचीच पाठवणी झाली असती.

"आता तू कोलम तांदळाची पाच किलोची पिशवी घे," तो म्हणाला, "आणि माझ्या खांद्यावर मार. दस्ता खांद्याच्या खळग्यात घट्ट बसवायचा. अंग जरा पुढे झुकवायचं. घोडा ओढायचा नाही, हळूहळू दाबायचा. झटका येणार म्हणून आधीच अंग चोरायचं नाही. एवढंच तंत्र आहे."

"किती जोरात मारू?"

"मॅग्नमसारखं."

एकतीस वर्षांत अशी परवानगी पहिल्यांदाच मिळत होती. पण मी खरंच हळू मारली. तरी तो गुरासारखा ओरडला आणि सोफ्यावर बसला. पिशवी फुटून तांदूळ टीव्हीखाली गेले.

"सांगून टाक ना त्यांना," मी म्हटलं. "खांदा आखडलाय म्हणावं. यात लाज कसली?"

तो खाली बघून तांदळाचे दाणे वेचत होता. म्हणाला, "प्रेमा, मुलीच्या बापात खोट दिसली की ती मुलीला ऐकावी लागते. इथे नाही, पण तिथे. आपण नसताना. आपल्याला कळणारसुद्धा नाही. माझी मुलगी तिकडे एकटी असणार आहे. तिच्यामागे कुणीतरी भक्कम आहे एवढं तरी त्यांना वाटायला हवं."

माझ्या जिभेवर चांगलं धारदार उत्तर आलं होतं. ते मी गिळलं. माझे बाबाही त्या दुपारी असंच काहीतरी मनात धरून वाकले असतील, हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. मी खाली बसले आणि तांदूळ वेचू लागले.

पुढच्या महिन्यात ग्रॅहम स्कॉटलंडला बहिणीकडे निघाले होते. वाटेत दोन दिवस सिंगापूरला थांबले, आम्हाला भेटायला. मी पुरणपोळी केली. त्यांनी पाच खाल्ल्या आणि सहावी मागावी की नाही म्हणून ताटाकडे बघत राहिले, तिथेच मला माणूस पटला. पण मनोहरचं लक्ष दुसरीकडे होतं. त्यानं व्याह्यांच्या मनोरंजनासाठी एक बेत आखला होता. आमच्या भागातच एका क्लबात पडद्यावरची नेमबाजी असते. बंदूक खोटी, पण वजन खऱ्याचं. आत हवेचा दाब, त्यानं झटकाही बसतो, खऱ्याच्या निम्मा. समोर पडद्यावर डोंगर आणि हरणं. "निम्मा तर निम्मा," मनोहर मला आदल्या दिवशी म्हणाला होता. "एकदा त्याच्या डोळ्यांदेखत मॅग्नम झेलतो, म्हणजे विषय संपला."

प्रबोधही आला, तक्त्याची प्रिंट घेऊन.

तिथली व्यवस्था बघणारी आंटी लिम सत्तरीची असावी. गुलाबी टोपी, कमरेला चाव्यांचा जुडगा. तिनं ग्रॅहमना विचारलं, कुठलं सेटिंग? त्यांनी टू फोर्टी-थ्री सांगितलं आणि म्हणाले, "दुर्बीण काढता येईल का?" तिनं दोन स्क्रू फिरवून दुर्बीण उतरवली. खाली नळीच्या टोकाला एक उभा दाणा होता आणि मागे एक खाच, बस.

"ही अशी बघायची," ग्रॅहम मनोहरला म्हणाले. "दाणा खाचेच्या बरोबर मधे. डोळा तिन्ही गोष्टी एकदम स्पष्ट बघू शकत नाही. म्हणून दाणा स्पष्ट बघायचा आणि हरीण जरा धूसर राहू द्यायचं."

मनोहरनं वाकून बघितलं. त्याच्या चष्म्यातून दाणा धूसर आणि हरीण लख्ख दिसत होतं. त्यानं मान वर केली, खाली केली, तिरकी केली. दाण्याला काही दया आली नाही.

ग्रॅहमनी बंदूक खांद्याला लावली, श्वास अर्धा सोडला, आणि हळूच टप्. पडद्यावरचं हरीण खाली बसल्यासारखं पडलं. दुसरं, तिसरं, तसंच.

"वाह, अंकल," आंटी लिम म्हणाली, "व्हेरी स्टेडी, हॉर!"

मनोहरचा चेहरा बघून मी ओळखलं की आता हा पडला तरी नाक वर ठेवणार. त्यानं दुर्बीण परत लावायला सांगितली. "थ्री हंड्रेड मॅग्नम," तो म्हणाला.

"अंकल, फर्स्ट टाइम आह?" आंटीनं विचारलं. "स्मॉल वन फर्स्ट लाह. मॅग्नम व्हेरी स्ट्राँग, यू नो."

"मॅग्नम," मनोहर म्हणाला. प्रबोधनं तक्ता बघून मान डोलावली.

आंटीनं खांदे उडवले. "ओके लॉर. शोल्डर टाइट-टाइट. आय नॉट सो क्लोज, हां? फोर फिंगर्स."

डोळा दुर्बिणीपासून चार बोटं लांब, हे मनोहरला पाठ होतं. पण उजवा हात पुरता उचलतच नव्हता. त्यामुळे दस्ता खळग्यात न बसता दंडावर लटकला, आणि हाताची कसर भरून काढायला मनोहरनं, रोज केस विंचरताना आणतो तशी, मान पुढे आणली. चार बोटांची दोन झाली, दोनाचं एक. मी म्हटलं, "मनोहर, मान मागे घे." तो मराठीत म्हणाला, "गप्प बस, व्याही बघतायत." आणि त्यानं घोडा ओढला.

हरीण चरत राहिलं. दुर्बिणीची कड मात्र मनोहरच्या भुवईवर खाडकन बसली. चष्मा उडून प्रबोधच्या पायाशी गेला. कपाळावरून रक्ताची एक रेघ नाकापर्यंत आली, आणि मनोहर उजवा खांदा धरून जमिनीवर बसला.

"आय सेड फोर फिंगर्स, व्हॉट," आंटी लिम म्हणाली आणि प्रथमोपचाराची पेटी आणायला गेली.

ग्रॅहम गुडघ्यांवर खाली बसले आणि त्यांनी स्वतःचा रुमाल मनोहरच्या भुवईवर दाबून धरला. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "सॉरी, सॉरी," ते सारखं म्हणत होते. "मी आणखी आग्रह करायला हवा होता. मला नीट सांगता आलं नाही."

दुखणं आणि लाज एकदम उसळली की माणूस खरं बोलतो. मनोहर इंग्रजीत जवळजवळ ओरडलाच. "काय सांगणार होतात? पहिल्या दिवसापासून तुम्ही मला ती लेडीज गन देत होतात! मी मुलीचा बाप म्हणून? मला मोठी झेपणार नाही म्हणून?"

प्रबोधनं चष्मा उचलून पुसायला घेतला. मी डोळे मिटले. जुळत आलेलं सगळं आता फिसकटणार, रुचिराला काय सांगायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

ग्रॅहमनी रुमाल काढला नाही. 

"हो," ते म्हणाले. "ती लेडीज गनच आहे. हेलनची आहे. माझ्या बायकोची."

आंटी लिम पेटी घेऊन दारातच थांबली.

"तीस वर्षं तिनं तीच वापरली. दुर्बिणीवर तिचा विश्वास नव्हता. आमच्याकडे पाऊस आला की काच आंधळी होते. म्हणून तिनं मुद्दाम ती साइट बसवून घेतली. ती गेल्यावर ती बंदूक कुणी उचललेली नाही. कॅलमनं नाही, मी पण नाही. दर रविवारी तेल देतो, कपाटात ठेवतो. सून येईल तेव्हा तिच्या आईवडिलांना डोंगरावर मी नेणार, असं हेलन म्हणायची. आता ती नाही. म्हणून मला वाटलं, निदान तिची बंदूक तरी तुमच्या हातात असावी. हे मेसेजमध्ये लिहायला बसलो, पण चारदा पुसलं. तेवढं खांद्याचं आणि साइटचं राहिलं."

मनोहर त्यांच्याकडे बघत होता. भुवई सुजायला लागली होती, एक डोळा अर्धा मिटला होता. इतका दीनवाणा तो मला आमच्या लग्नातसुद्धा दिसला नव्हता. मग त्यानं ग्रॅहमचा रुमालाचा हात धरला.

"ग्रॅहम," तो म्हणाला, "माझा हा खांदा वर्षभर उचलत नाही. बंदूक मी फक्त जत्रेत धरलेली आहे, फुग्यांसमोर. आणि हरीण मी मारू शकणार नाही, मला पालसुद्धा मारवत नाही. हे सगळं मी तुमच्यापासून लपवलं. माझ्या मुलीला कुणी कमी लेखू नये म्हणून." त्यानं नाकावरचं रक्त पुसलं. "नेम तुम्हीच धरा. पण तुमची परवानगी असेल तर हेलनची बंदूक वरपर्यंत मी घेऊन जाईन. डाव्या खांद्यावर. वर जाताना आणि खाली येतानाही."

"चार तासांची चढण आहे," ग्रॅहम म्हणाले.

"असू दे."

प्रबोध तक्त्याची घडी करून खिशात घालत होता आणि नाक ओढत होता. आंटी लिमनं पुढे येऊन मनोहरच्या भुवईवर पट्टी लावली आणि डोक्यावर एक टपली मारली, ती का ते तिलाच ठाऊक.

आणि मी काय करत होते, तेही सांगते, कारण दुसऱ्यांची फजिती सांगून स्वतःची झाकणं बरं नाही. रुचिराला सासू नाही, ही गोष्ट मी आमच्या मंडळातल्या बायकांना महिनाभर सांगत होते. डोळे मिचकावून, पोरीचं नशीब म्हणून. त्यातल्या सुरेखानं तर माझा हात धरून अभिनंदन केलं होतं. त्या गार खोलीत, चरणाऱ्या खोट्या हरणासमोर, मला हेलनची अशी आठवण आली, जणू ती मला कधी भेटलेलीच होती. जिनं आमच्यासाठी वाट ठरवून ठेवली होती आणि जिच्याबद्दल मी एक प्रश्नसुद्धा विचारला नव्हता. मला स्वतःची फार लाज वाटली.

मी ग्रॅहमना म्हटलं, "मलाही यायचंय डोंगरावर."

"तुम्हाला?" ते म्हणाले. "वाट फार उभी आहे. आणि आमच्यात बायका... म्हणजे हेलन सोडली तर कुणी येत नाही."

"म्हणूनच," मी म्हटलं. "माझ्या विहिणीला भेटायचं राहिलंय."